जुन्या लॅपटॉपचे बिनतारी दुखणे

इतवारीच्या किराणा ओळीत मालाचा टेम्पो दारात उभा असावा, हमालांनी पोती चढवून ठेवलेली असावीत, चालकाने दोनदा हॉर्न वाजवलेला असावा आणि गल्ल्याशेजारच्या जुन्या लॅपटॉपवर नेमकी त्याच वेळी वाय-फाय तुटल्याची खूण उमटावी, हा प्रसंग आता नवलाचा राहिलेला नाही. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला आणि पुढच्याच वर्षी ई-वे बिलाची पद्धत आली. तेव्हापासून ठरावीक किमतीपुढचा माल हे बिल तयार झाल्याविना रस्त्यावर आणता येत नाही. मासिक विवरणपत्राची २० तारीखही कोणासाठी थांबत नाही. ज्या पेठेत पूर्वी लाल कापडी बांधणीच्या वह्यांवर कोट्यवधींचा व्यवहार चाले, तेथे आज एका अदृश्य लहरीवर सगळा कारभार टांगलेला असतो.

प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका व्यापाऱ्याकडे गेल्या उन्हाळ्यात हेच घडत होते. लॅपटॉप २०११ सालचा, अमेरिकेतील पुतण्याने येताना आणलेला. मूळचा विंडोज ७चा, पुढे विंडोज १०वर नेलेला. दुकानात नवी फायबर जोडणी आली, सोबत नवे राउटर आले आणि तेव्हापासून दुखणे सुरू झाले. कधी दोन-दोन दिवस जोडणी व्यवस्थित चाले, तर कधी सकाळपासून दुकानाच्या वाय-फायचे नावच यादीत दिसत नसे. तेच वाय-फाय मुलाच्या मोबाइलवर मात्र त्याच क्षणी उत्तम चाले. दुरुस्ती करणाऱ्याने निदान केले, 'यंत्र कंडम झालं, बदलून टाका.' व्यापाऱ्याची अडचण निराळी होती. 'भाऊ, पोरगा म्हणते नवा घ्या. पण बारा वर्षांचा हिशेब याच्यातच आहे ना!'

या गृहस्थांच्या लॅपटॉपला काय झाले होते, ते लेखाच्या अखेरीस सांगू. तत्पूर्वी असा दोष शोधावा कसा, याची पद्धत समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. बहुतेक वेळा यंत्र बिघडलेले नसते. बिघडलेली असते ती तपासणीची दिशा.

दोष चारच ठिकाणी असू शकतो

वाय-फाय ही एक साखळी आहे. पहिली कडी लॅपटॉप, दुसरी लॅपटॉप व राउटर यांच्यामधील हवा, तिसरी राउटर आणि चौथी राउटरच्या पलीकडचे इंटरनेट. तक्रार कोणतीही असो, आधी कडी निश्चित करावी आणि मगच उपायाला हात घालावा. तसे न करता एकाच वेळी पासवर्ड बदलणे, राउटर मूळ स्थितीला नेणे व विंडोज पुन्हा टाकणे, असे तीन उपाय केल्यास गुण आला तरी तो कशाने आला हे कळत नाही. दुखणे उलटले की पुन्हा सगळा खटाटोप करावा लागतो.

कडी ओळखण्यासाठी दोन सोप्या चाचण्या पुरेशा आहेत. पहिली चाचणी : त्याच जागी, त्याच वेळी दुसरे साधन त्याच वाय-फायला जोडून पाहावे. तेही अडखळत असेल तर दोष राउटरमध्ये वा पलीकडे आहे. दुसरी चाचणी : मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला जोडावा. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ हा पर्याय निवडावयास विसरू नये, अन्यथा जुन्या लॅपटॉपला तो दिसणारच नाही. लॅपटॉप हॉटस्पॉटवर तासभर विनातक्रार चालला तर त्याचे बिनतारी कार्ड धडधाकट आहे, असे समजण्यास हरकत नाही. मग भांडण लॅपटॉप व राउटर या दोघांमधले आहे. हॉटस्पॉटवरही तो तुटत असेल तर दोष लॅपटॉपच्याच अंगी आहे.

पहिली कडी : लॅपटॉप

सुरुवात अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीपासून करावी. २००३च्या मार्चमध्ये इंटेलने 'सेन्ट्रिनो' बाजारात आणले आणि वाय-फाय लॅपटॉपचा अंगभूत भाग बनले. त्यानंतरच्या अनेक वर्षांतील लॅपटॉपांवर बिनतारी यंत्रणा बंद-चालू करणारी छोटी सरकती कळ पुढच्या वा बाजूच्या कडेवर असे. पिशवीतून काढताना ती नकळत सरकते. काही यंत्रांत हेच काम 'एफएन' व वरच्या रांगेतील एखादी कळ एकत्र दाबून होते. ही कळ बंद असेल तर विंडोजमध्ये कितीही प्रयत्न केले तरी वाय-फाय सुरू होत नाही.

त्यानंतर पाहावे 'डिव्हाइस मॅनेजर'. तेथील 'नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्स' या यादीत बिनतारी कार्डाचे नाव असेल आणि त्यावर पिवळे उद्गारचिन्ह असेल तर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड व विंडोज यांच्यामधील दुभाषी आज्ञावली, बिघडली आहे. नावच नसेल तर कार्ड सैल झाले आहे, बंद केलेले आहे किंवा खरोखरच गेले आहे. विंडोज ७वरून १०वर नेलेल्या यंत्रांत ड्रायव्हरचा गोंधळ विशेष आढळतो, कारण कार्डाच्या निर्मात्याने नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर लिहिण्याचे कष्ट घेतलेले नसतात आणि विंडोज स्वतःच्या संग्रहातील त्यातल्या त्यात जवळचा ड्रायव्हर बसवून मोकळे होते. अशा वेळी नव्याच्या मागे न लागता लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरील त्याच प्रतिकृतीचा ड्रायव्हर टाकून पाहावा. तो जुना असला तरी अनेकदा अधिक भरवशाचा ठरतो. याला एक अपवाद आहे. इंटेलच्या काही जुन्या कार्डांना जुन्या ड्रायव्हरमुळे वाय-फाय ६ची जाळी यादीत दिसतच नाहीत. कार्ड त्यांपैकी असल्यास इंटेलचा नवा ड्रायव्हर हाच उपाय होय.

जोडणी होते, पण काही मिनिटे काम थांबले की तुटते, अशी तक्रार असल्यास संशय वीजबचतीवर घ्यावा. त्याच यादीत कार्डाच्या नावावर दोनदा टिचकी मारली की 'पॉवर मॅनेजमेंट' हा विभाग उघडतो. वीज वाचविण्यासाठी हे साधन बंद करण्याची संगणकाला मुभा देणारी चौकट तेथे असते. तिच्यातील खूण काढून टाकावी. अनेकांचे दुखणे एवढ्यावरच थांबते.

आता एक असे कारण, जे दुरुस्तीच्या दुकानांतूनच जन्माला येते. लॅपटॉपचे बिनतारी कार्ड कळफलकाखाली असले तरी त्याच्या अँटेना बहुधा तेथे नसतात. त्या पडद्याच्या चौकटीत, वरच्या कडेजवळ बसविलेल्या असतात आणि केसांहून थोड्या जाड अशा दोन तारा बिजागरीतून खाली येऊन कार्डावरील इवल्याशा गोल खोबणीत अडकतात. पडदा, बिजागरी वा कळफलक बदलताना या तारा काढाव्या लागतात. त्या परत नीट न दाबता झाकण बंद केले की लॅपटॉपला राउटरपासून हातभर अंतरावर पूर्ण वाय-फाय मिळते आणि दहा पावलांवर काहीच मिळत नाही. झाकण मागेपुढे केल्यावर लहरींचे बळ कमी-अधिक होत असेल तर बिजागरीत तार झिजली आहे, हे निश्चित समजावे. 'पडदा बदलून आणल्यापासून वाय-फाय कमी येते' असे कोणी म्हणाले की कार्ड विकत घेण्याआधी तारा तपासावयास सांगाव्यात.

नागपूरच्या उन्हाचा वाटाही विसरता येणार नाही. पारा ४५ अंशांवर गेलेला असताना, धुळीने पंखा तुंबलेला लॅपटॉप गादीवर ठेवून चालविला तर आतील घटक तापतात आणि काही यंत्रांत बिनतारी कार्ड मधूनच मान टाकते. सकाळी ठीक, दुपारी बंद, रात्री पुन्हा ठीक, असा क्रम दिसल्यास आधी पंखा साफ करून घ्यावा. राउटरच्या वीजपुरवठ्याचा छोटा अ‍ॅडॉप्टरही उन्हाळ्यात असाच दगा देतो. तो जुना झाला की पुरेसा दाब देत नाही आणि राउटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत राहते.

दुसरी कडी : हवा

वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी त्याच्या निम्म्याहूनही आखूड असतात. लहर आखूड असली की ती भिंती भेदण्यास कमी पडते, असा ढोबळ नियम आहे. धातू या लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते. या दोन वाक्यांत इतवारीतील निम्म्या तक्रारींचे मूळ आहे.

जुन्या नागपूरची ही वस्ती पाहा. रुंदी कमी व खोली जास्त अशा इमारती, जाड विटांच्या भिंती, पुढे दुकान, मागे गोदाम व वर राहते घर. दुकानाला लोखंडी शटर, आत पोलादी कपाटे, सराफ्यात तर भक्कम तिजोऱ्या. राउटर बहुधा दर्शनी भागात, तार जेथून आत आली तेथेच, वीजमीटरच्या शेजारी ठोकलेले असते. हिशेबाचा लॅपटॉप मागच्या खोलीत असतो. दोघांमध्ये तिजोरी आली की झाले.

त्यात भर पडते ती कूलरची. एप्रिल उजाडला की नागपुरात घरोघरी माळ्यावरून कूलर उतरतात व खिडकीत बसतात. पत्र्याची पेटी, तळाशी पाण्याने भरलेली टाकी आणि तिन्ही बाजूंना भिजलेला वाळा, असा हा थाट वाय-फायच्या दृष्टीने जवळजवळ अभेद्य भिंत ठरतो. मार्चपर्यंत खिडकीतून सुखाने मागच्या खोलीत येणारी लहर एप्रिलमध्ये एकाएकी अडते आणि घरधनी राउटरला दोष देतो. ज्यांची तक्रार दरवर्षी उन्हाळ्यात सुरू होऊन पावसाळ्यात आपोआप मिटते, त्यांनी कूलर व राउटर यांची दिशा एकदा पाहावी. राउटर हातभर उंच, मोकळ्या जागी, धातूपासून दूर ठेवणे हा फुकटचा, पण बहुतेकांनी न केलेला उपाय आहे.

हवेतील गर्दी हा दुसरा भाग. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली सर्वांना परवान्याशिवाय खुला झाला. त्यामुळे वाय-फाय घरोघरी पोहोचले, पण त्याच पट्ट्यात ब्लूटूथ आहे, बिनतारी माउस आहे आणि मायक्रोवेव्ह भट्टीही साधारण याच वारंवारतेवर चालते. दाट बाजारपेठेत एका जागी उभे राहून यादी उघडली तर वीस-पंचवीस वाय-फाय सहज दिसतात. या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ असे चॅनेल आहेत. परंतु लगतच्या दोन चॅनेलांमध्ये अंतर ५ मेगाहर्ट्झचे आणि प्रत्येकाला जागा लागते सुमारे २० मेगाहर्ट्झची. म्हणजे शेजारचे चॅनेल एकमेकांच्या अंगावर पडतात. परस्परांना न खेटणारे चॅनेल नेहमी सांगितले जातात ते तीन : १, ६ आणि ११. आकडे नीट लक्षात ठेवावेत, आपल्या कथेचा उलगडा त्यांच्यातच आहे.

यूएसबी ३च्या साधनांविषयीही येथे सांगितले पाहिजे. या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट उत्पन्न होतो, हे इंटेलने २०१२ साली स्वतःच प्रसिद्ध केले होते. बाहेरची हार्ड डिस्क लावली की वाय-फाय मंदावत असेल तर ती लांब तारेने, लॅपटॉपपासून थोडी दूर ठेवून पाहावी.

तिसरी कडी : राउटर

नवे राउटर व जुना लॅपटॉप यांचे न जमण्याला पिढ्यांमधील अंतर कारणीभूत असते. वाय-फायचा मूळ मानदंड १९९७चा. त्यानंतर १९९९मध्ये 'बी', २००३मध्ये 'जी', २००९मध्ये 'एन' आणि पुढे 'एसी' व 'एएक्स' अशा आवृत्त्या आल्या. 'एन' काळातील स्वस्त लॅपटॉपांत केवळ २.४ गिगाहर्ट्झ समजणारी कार्डे सर्रास बसविली जात. आजचे राउटर २.४ व ५ असे दोन्ही पट्टे वापरते. त्यात कोणी ५ गिगाहर्ट्झ तेवढे सुरू ठेवले, अथवा 'फक्त एन' वा 'फक्त एएक्स' असा पर्याय निवडला, तर जुन्या लॅपटॉपला ते राउटर अस्तित्वातच नसल्यासारखे होते. आपले कार्ड काय जाणते, हे विंडोजच्या काळ्या आज्ञापटलावर 'नेटश डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' ही आज्ञा (अर्थात रोमन लिपीत) टंकल्यास 'रेडिओ टाइप्स सपोर्टेड' या ओळीत वाचता येते. तेथे फक्त बी, जी, एन दिसल्यास लॅपटॉपसाठी २.४चा पट्टा सुरू असलाच पाहिजे. दोन्ही पट्ट्यांना निरनिराळी नावे दिली तर कोण कोठे जोडले आहे हे उघड दिसते. तपासणीच्या काळात तरी असे अवश्य करावे.

सुरक्षेची पद्धत हा दुसरा अडसर. डब्ल्यूपीए-३ ही पद्धत २०१८ साली आली. जुन्या कार्डांना ती कळत नाही. राउटरवर ती एकटीच निवडलेली असेल तर पासवर्ड अचूक असूनही जोडणी नाकारली जाते. 'डब्ल्यूपीए-२ व ३ मिश्र' या पर्यायानेही काही जुनी कार्डे गोंधळतात. अशा वेळी डब्ल्यूपीए-२ (एईएस) निवडावे. राउटर बदलले, पण नाव जुनेच ठेवले, असे झाले असल्यास लॅपटॉपमध्ये साठलेली जुनी नोंद 'फर्गेट' करून नव्याने जोडावे.

चौथी कडी : जोडले आहे, पण पान उघडत नाही

वाय-फायची खूण पूर्ण भरलेली, तरीही संकेतस्थळ उघडत नाही, ही तक्रार वाय-फायची नव्हेच, असे समजून पुढे जावे. आज्ञापटलावर 'आयपीकॉन्फिग' टंकावे. संगणकाचा पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही. यंत्राने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला आहे. राउटर व लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केल्यास हे बहुधा मिटते.

पत्ता ठीक असेल तर 'डिफॉल्ट गेटवे'समोरील आकडा, म्हणजे राउटरचा पत्ता, घ्यावा व त्याला 'पिंग' करावे. उत्तरे काही मिलिसेकंदांत नियमित येत असतील तर हवा व लॅपटॉप निर्दोष आहेत. ती शेकड्यांत हेलकावत असतील वा मधूनच गळत असतील तर दोष दुसऱ्या अथवा पहिल्या कडीत आहे. नंतर ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करावे. राउटर उत्तर देते, पण हा पत्ता देत नाही, असे दिसल्यास तक्रार जोडणी देणाऱ्या कंपनीकडे न्यावी. ८.८.८.८ उत्तर देतो, पण संकेतस्थळाचे नाव टंकल्यास काहीच मिळत नाही, असे असेल तर नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा रुसली आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये तीच बदलावी. पिंगच्या या तीन आज्ञा जेमतेम दोन मिनिटांच्या आहेत, पण त्यांच्या आधारे केलेली तक्रार कंपनीच्या प्रतिनिधीला सहजासहजी टोलविता येत नाही.

आणखी एक कारण इतके साधे आहे की ते कोणाला सुचत नाही. लॅपटॉपच्या आत नाण्याएवढी एक बॅटरी घड्याळ चालू ठेवते. आठ-दहा वर्षांत ती संपते आणि लॅपटॉप सुरू करताच त्याची तारीख भूतकाळात जाते. सुरक्षित संकेतस्थळे आपली ओळख पटविण्यासाठी मुदतबंद प्रमाणपत्र दाखवितात. यंत्राच्या मते आज २०१० साल असेल तर ते प्रमाणपत्र त्याला अजून लागूच झालेले नसते, म्हणून बँक वा कराचे संकेतस्थळ उघडण्यास ते नकार देते. पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहणे हा यावरचा पहिला उपाय आणि ती स्वस्त बॅटरी बदलणे हा कायमचा.

सुरक्षेशी तडजोड नको

जुना लॅपटॉप जुळत नाही म्हणून कंटाळून राउटरचा पासवर्डच काढून टाकणे, अथवा 'डब्ल्यूईपी' ही जुनी पद्धत निवडणे, असे उद्योग काही ठिकाणी होतात. ते अत्यंत धोक्याचे आहेत. डब्ल्यूईपीमधील दोष २००१ सालीच जगजाहीर झाले. आज ती पद्धत फोडण्यास काही मिनिटे पुरतात.

या धोक्याचा धडा महाराष्ट्राने घेतलेला आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना आलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग काढीत पोलीस नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या दारात पोहोचले. त्यांच्या वाय-फायमध्ये परक्यानेच शिरकाव केल्याचे पुढे तपासात दिसून आले. पण तोवर त्यांच्यामागे चौकशीचा ससेमिरा लागला होता. त्यानंतरच्या दोन महिन्यांत माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या व चेंबूरमधील एका कंपनीच्या वाय-फायमधून असेच ई-मेल धाडले गेले. फेब्रुवारी २००९मध्ये केंद्रीय दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याविषयी सेवा कंपन्यांना सूचना काढल्या, त्यामागे ही पार्श्वभूमी होती. गजबजलेल्या पेठेत रस्त्यावर उभ्या असलेल्या कोणालाही आपले वाय-फाय मिळत असेल तर त्याच्या कृत्याचा पहिला माग आपल्या दुकानापर्यंत येतो, हे ध्यानात असू द्यावे. जो लॅपटॉप डब्ल्यूपीए-२सुद्धा जाणत नाही, त्याच्यासाठी घराचे दार उघडे टाकू नये. त्याला तार जोडावी.

खर्च किती करावा?

तार हा जुन्या लॅपटॉपचा सर्वांत प्रामाणिक मित्र आहे. बहुतेक जुन्या यंत्रांना नेटवर्क तारेची खोबण असते. हिशेबाचा लॅपटॉप जागेवरून हलत नसेल तर राउटरपासून तार ओढून घेणे हा पक्का इलाज होय. तार शक्य नसेल तर यूएसबीचा छोटा वाय-फाय अ‍ॅडॉप्टर काही शे रुपयांत मिळतो. दोन्ही पट्टे जाणणारा घ्यावा. आतील कार्ड बदलण्याचा सल्ला कोणी दिल्यास आधी चौकशी करावी. काही कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपांत ठरावीक कार्डांखेरीज दुसरे बसविले तर यंत्र सुरू होण्यासच नकार देते.

परंतु जोडणी दुरुस्त होणे आणि ती वापरण्यास योग्य असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मुदतीची वाढीव सुरक्षा योजना घेतली नसेल तर अशा यंत्रात सापडणारी नवी भगदाडे आता बुजविली जात नाहीत. क्रोमच्या नव्या आवृत्त्याही फेब्रुवारी २०२३पासून विंडोज ७वर चालत नाहीत. म्हणून बँकेचे व्यवहार व कराचा भरणा अशा यंत्रावरून करू नये. जुने हिशेब त्यात ठेवावेत, त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर अवश्य काढावी आणि इंटरनेटचे काम आधार असलेल्या यंत्रावर न्यावे. ज्यांना यंत्र टाकावयाचे नाही, त्यांना लिनक्सची हलकी आवृत्ती बसविण्याचा मार्ग मोकळा आहे.

मग त्या लॅपटॉपचे काय झाले?

आता किराणा ओळीतील त्या दुकानाकडे वळू. हॉटस्पॉटच्या चाचणीत लॅपटॉप दोन तास विनातक्रार चालला; म्हणजे कार्ड शाबूत होते. मग राउटरचे पान उघडून पाहिले. चॅनेल 'ऑटो'वर होते आणि त्या दिवशी राउटरने १३ क्रमांकाचे चॅनेल निवडलेले होते. अमेरिकेत वाय-फायसाठी १ ते ११ हेच चॅनेल वापरले जातात आणि तेथील बाजारासाठी बनविलेली अनेक कार्डे १२ व १३ या चॅनेलांकडे पाहतही नाहीत. पुतण्याने आणलेला लॅपटॉप असाच होता. वीज जाऊन आली की राउटर गर्दीचा अंदाज घेऊन नवे चॅनेल निवडी. ते १ ते ११च्या आत पडले तर लॅपटॉप आनंदात असे. १३वर गेले की त्याच्या लेखी दुकानात वाय-फायच नसे. भारतीय मोबाइलला मात्र तेरावे चॅनेल दिसत असल्यामुळे त्याची कधीच तक्रार नव्हती.

'ऑटो'ऐवजी ६ हा आकडा निवडून पान बंद करावयास अर्धे मिनिटही लागले नाही. खर्च शून्य. राउटर तिजोरीवरून हलवून भिंतीवर उंच लावले, ही वरकड सुधारणा. बारा वर्षांच्या हिशेबाची प्रत त्याच दुपारी एका डिस्कवर काढली गेली आणि ई-वे बिलाचे काम मुलाच्या नव्या यंत्रावर गेले. जुना लॅपटॉप आजही गल्ल्याशेजारी आहे, जुन्या खात्यांचा दफ्तरदार म्हणून.

यंत्र कंडम झाल्याचा निर्णय देणे सोपे असते. त्याआधी दोन चाचण्या, तीन पिंग आणि चॅनेलच्या आकड्यावर एक नजर, एवढे सोपस्कार प्रत्येकाने करावेत. इतवारीत वस्तू पारखून घेण्याची रीत जुनी आहे. ती वस्तू टाकून देतानाही पाळावी.